मोडी फाँट : शिरोरेषा आणि काना यांपर्यंत आलेले काम

पेशवेकालीन वळणावर बेतलेल्या, मराठीच्या जुन्या जलद लेखनाच्या मोडी लिपीच्या फाँटची सर्व व्यंजने रेखून झाली असून सध्या जोडणीचे काम सुरू आहे. सुटी अक्षरे देखणी दिसतात, पण मोडीचा डौल हात न उचलता केलेल्या लेखनात आहे, आणि फाँटमध्ये नेमके तेच सर्वांत अवघड जाते.

कॉपरप्लेट या टोकदार निबाने लिहिलेल्या इंग्रजी वळणात रेघेची जाडी दाबाने येते. बोरूच्या, म्हणजे वेताच्या लेखणीच्या, लेखनात ती तिरप्या कापलेल्या टोकामुळे, म्हणजे रेघेच्या दिशेनुसार ठरते. म्हणून संपूर्ण संचात टोकाचा कोन एकच ठेवला आहे आणि शोभेचे फाटे टाळले आहेत.

खरी कसोटी कान्याची आहे. देवनागरीत काना वरून खाली ओढतात, तर मोडीत तो अक्षराच्या खालच्या टोकापासून वर शिरोरेषेकडे जातो. दोन आकार नुसते शेजारी ठेवले तर सांध्यावर गाठ दिसते, त्यामुळे ‘का’, ‘मा’ यांसारखी रूपे स्वतंत्र रेखून ओपनटाइपच्या (फाँटमध्येच आकार बदलण्याचे नियम ठेवणाऱ्या पद्धतीच्या) नियमांनी आपोआप येतील अशी व्यवस्था करत आहे. २०१४ च्या युनिकोड ७.० पासून (युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारे मानक) मोडीला स्वतःचे संकेतांक मिळाले असल्याने देवनागरीच्या जागी मोडीचे आकार बसवण्याची जुनी पळवाट आता लागत नाही. नोटो सान्स मोडी हा तयार फाँट पडताळणीला उपयोगी पडतो, मात्र त्याच्या एकसारख्या जाडीच्या रेघांत बोरूचा बाज शोधू नये.

जुने लेखक आधी ओळभर रेघ मारून मग तिला अक्षरे लावत आणि शब्दांमध्ये जागाही फारशी सोडत नसत. त्यासाठी फाँटमधल्या ऐच्छिक संचात (हवा तेव्हाच चालू करायच्या पर्यायी आकारांत) रिकाम्या जागेवरही शिरोरेषा दिली आहे, आणि शेजारच्या आकारांच्या रेघा किंचित एकमेकींवर चढवल्या आहेत, नाहीतर पडद्यावर केसाएवढी फट चमकते. मजकूर दोन्ही कडांना समान केला की जागा ताणली जाते, पण रेघ ताणली जात नाही. म्हणून हा संच डावीकडून जुळवलेल्या ओळींसाठीच वापरावा.

मुखपृष्ठावरील शीर्षक, दारावरची पाटी, निमंत्रणावरील नावे येथे हा फाँट खुलतो. बारीक टंकात मात्र अक्षरांच्या गाठी बुजतात. (लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता मोडीत छापून पाहुण्यांना गावभर फिरवू नये, खाली देवनागरी असावीच.) मोडी शिकणाऱ्यांच्या सरावपत्रांसाठी तो सर्वाधिक उपयोगी ठरेल असे मला वाटते, परंतु पुण्याच्या पुराभिलेखागारातील किंवा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील कागद वाचायचे असतील, तर लेखकागणिक बदलणाऱ्या हाताची सवय मूळ कागदांवरूनच करावी लागेल.

यानंतर अंक आणि जोडाक्षरे घेणार आहे. त्यांत रफार आणि ‘ऱ्या’मधला अर्धा र यांना अधिक वेळ लागेल, कारण दोन्ही आकार शिरोरेषेच्या अगदी जवळ येतात.