सातवीच्या मुलांनी सायन्समध्ये काय शिकावं?

माझं तर स्पष्ट मत आहे, सहावी-सातवीत व्याख्या पाठ करण्याआधी मुलांना मोजता आलं पाहिजे. आता आपलं इंदूरच घ्या ना, कर्कवृत्ताच्या जरासंच खाली, साधारण 22.7 अंशावर, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला आणि परत जुलैच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या सुमारास (बरोबर बाराला नाही हं!) उभ्या काठीची सावली चक्क गायब होते. गच्चीवर कुंडीत काठी रोवा, ओळंबा लावून सरळ करा, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करू द्या, मग पृथ्वीच्या अक्षाचा कल घोकावा लागत नाही. आणि नर्मदेचं पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या, नदीकाठच्या जलूद गावाहून इंदूरपर्यंत एवढं वर चढतं कसं, हेही त्यांना विचारू द्या की, पंप, प्रेशर, वीज सगळं त्यातच आलं.