८५ अंशांवर पेरोव्स्काइट फिल्म : पिवळेपणा कडेने का शिरतो

सौर सेलमध्ये प्रकाश शोषणाऱ्या पेरोव्स्काइट या स्फटिकी पदार्थाची पातळ फिल्म कशाने खराब होते, हे मी तपासत आहे. या टप्प्यात आर्द्रता बाजूला ठेवून फक्त उष्णतेचा परिणाम पाहायचा होता. पुण्याच्या पावसाळी हवेत हे दोन्ही वेगळे करणे कठीण, म्हणून मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटच्या फिल्म असलेल्या काचपट्ट्या एका महाविद्यालयाच्या फ्यूम हूडमध्ये (विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटात), कोरड्या नायट्रोजनच्या प्रवाहात, ८५ अंश सेल्सिअसवर तापवल्या. (शिशाच्या क्षारांचे हे काम घरच्या ओट्यावर कोणीही करू नये.) तापमान हॉटप्लेटच्या आकड्यावरून न घेता शेजारच्या कोऱ्या काचपट्टीवर बसवलेल्या थर्मोकपल या तापमान-संवेदकावरून घेतले, कारण काचेचा वरचा पृष्ठभाग काहीसा थंडच राहतो.

८५ हा आकडा सौर पॅनेलच्या चाचणीसाठीच्या आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकातला आहे : ८५ अंश, ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १००० तास. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी छपरावरचे पॅनेल ७० अंशांच्या आसपास सहज जाते, हे लक्षात घेता ही अट मुळीच अवाजवी वाटत नाही.

उघड्या फिल्मची चकाकी आधी गेली, मग काळा रंग तपकिरी झाला आणि अखेर विघटनानंतर उरणाऱ्या लेड आयोडाइडचा पिवळा रंग सर्वत्र पसरला. जिच्यावर दुसरी काच ठेवून चिमटे लावले होते, ती मात्र मध्यभागी काळीच राहिली. पिवळी पट्टी चारही कडांवरून हळूहळू आत सरकत होती. उष्णतेने स्फटिकातून मिथाइलअमाइन आणि हायड्रोजन आयोडाइड सुटतात. ते जवळच कोंडलेले राहिले तर उलट अभिक्रियेला वाव असतो, निघून गेले की परतीची वाट बंद होते. म्हणजे ज्या नायट्रोजनला आपण निरुपद्रवी समजतो, त्याचा वाहता झोत हे वायू वाहून नेऊन विघटनाला हातभारच लावतो. सिडनीच्या अनिता हो-बेली यांच्या गटाने २०२० मध्ये पॉलिआयसोब्युटिलीनसारख्या पॉलिमरने दोन काचांमध्ये सेल वायुरोधक बंद करून १८०० तासांहून अधिक काळ दमट उष्णतेत टिकवले, ते याच तत्त्वावर. तरीही केवळ सीलबंदीवर विसंबणे मला पटत नाही, कारण मिथाइल आयोडाइड आणि अमोनिया देणारा विघटनाचा दुसरा मार्ग सहजासहजी उलटत नाही.

पुढची फिल्म मिथाइलअमोनियमऐवजी फॉर्मॅमिडिनियम आणि सीझियमची असेल. तिथे रंग टिपणारा नुसता कॅमेरा पुरणार नाही, कारण फॉर्मॅमिडिनियम लेड आयोडाइडची डेल्टा अवस्थाही (त्याच पदार्थाची, पण पेरोव्स्काइट रचना नसलेली) पिवळीच असते. तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या एक्सआरडीत (स्फटिकरचना ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) तिचे शिखर ११.८ अंशांच्या कोनाजवळ आणि लेड आयोडाइडचे १२.७ अंशांच्या कोनाजवळ येते, त्यामुळे प्रत्येक पिवळ्या पट्टीचा आलेख घेऊनच नोंद करणार आहे.