आमची वाटचाल : पहिल्या दीड फुटाची गोष्ट

आमच्या वर्कशॉपच्या दारामागे खिळ्याला एक निळी पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) ट्यूब टांगलेली आहे. फिटिंगच्या अगदी पुढे ती बेडकाच्या गळ्यासारखी फुगलीय आणि फुगवट्याच्या मधोमध करंगळी जाईल एवढं भोक आहे. गाडीतल्या कॉम्प्रेसरच्या गरम हवेसाठी होजचे किट विकायचा आमचा धंदा तिथून सुरू झाला असं मी धरतो. त्याआधी चाललं होतं ती निव्वळ हौस.

मी आणि माझा मेहुणा, असे आम्ही दोघं. तो वायरिंगमधला, मी एका कारखान्यात न्युमॅटिक्सच्या, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांच्या, मेंटेनन्सला. दोघांनाही गाडी घेऊन आडरानात शिरायचा नाद. वाळूत उतरायचं तर टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) काढावी लागते आणि डांबरावर परतताना ती पुन्हा ३२-३५ वर न्यावी लागते. चार दांडगे टायर पायपंपाने भरण्याची हौस एकदाच पुरते. म्हणून गाडीतच बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, जोडीला छोटी टाकी, ठरावीक दाबाला कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच आणि बंपरपाशी पाइप झटकन जोडायचा क्विक कपलर. आधी स्वतःच्या गाड्यांत बसवलं, मग मित्रांच्या, मग मित्रांच्या मित्रांच्या. माल तोच, जो मी कारखान्यात रोज हाताळायचो: पीयू ट्यूब आणि नुसती ट्यूब खुपसून बसणारं पुश-इन फिटिंग. हवेची लाईन मला कोण शिकवणार, असा माज होता, खोटं कशाला सांगू.

कारखान्यात माझ्यापर्यंत पोचणारी हवा आफ्टरकूलर (गार करणारा), मोठी टाकी, ड्रायर (सुकवणारा) असं सगळं पार करून निवांत गार होऊन यायची. गाडीत कॉम्प्रेसरच्या हेडपासून, म्हणजे दाबलेली हवा जिथून बाहेर पडते त्या टोपणापासून, टाकीपर्यंत जेमतेम दोन हात. हा फरक माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. एका मित्राच्या गाडीचा तिसरा टायर भरून झाला, त्याने चक (पाइपचं व्हॉल्व्हला लावायचं टोक) काढला, चौथ्याकडे निघाला आणि मागे गोळी झाडल्यासारखा आवाज. कुणाला लागलं नाही. पण ते नेमकं तेव्हाच का फुटलं, हे कळायला मला दोन रात्री लागल्या. टायरमध्ये हवा जात असते तेव्हा लाईनीतलं प्रेशर तसं कमीच असतं. चक काढला की हवेला वाट उरत नाही, प्रेशर झपाट्याने कट-ऑफकडे, म्हणजे स्विच कॉम्प्रेसर बंद करतो त्या आकड्याकडे, चढतं. म्हणजे हेड सगळ्यात तापलेलं, ट्यूब सगळ्यात मऊ, आणि त्याच क्षणी दाब सगळ्यात जास्त.

हवा दाबली की तापते हे सायकलच्या पंपाच्या बुडाला हात लावणारं पोरही सांगेल. किती तापते, हे मात्र मी तोवर कधी मांडून पाहिलं नव्हतं. ३० अंशांची हवा १०० पीएसआयपर्यंत दाबली आणि उष्णता जराही बाहेर जाऊ दिली नाही, तर कागदावर ती २७० अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात सिलिंडर, हेड, पंखे बरीच उष्णता खातात, त्यामुळे तेवढी कधी भरत नाही. पण पीयू ट्यूब साधारण ६० अंशांची, नायलॉन फार तर शंभराच्या घरातली. कागदावरचा आकडा निम्मा धरला तरी आम्ही काय करत होतो ते उघडच आहे.

मग ऐकीव माहितीवर दुसरा उपाय केला: हेडमधून आधी दीड फूट स्टेनलेस जाळीची टेफ्लॉन होज, पुढे नेहमीची ट्यूब. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत चालतं. क्रिंपिंगचं, म्हणजे होजवर फिटिंग दाबून बसवायचं, जुनं मशीन घेतलं, मी नोकरी सोडली, आणि आम्ही या दीड फुटी होजचे किट विकायला लागलो. खरी फर्म इथे उभी राहिली. आणि लगेच आपटलीही.

एका पुरवठादाराकडून होजचं भेंडोळं आलं. वरून जाळी चकचकीत, झकास. वर्षभरातच तक्रारी यायला लागल्या: एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) अडकतोय, हवा कमी येतेय. आम्ही एक परत आलेली होज उभी चिरली. आत टेफ्लॉन नव्हतंच. रबर होतं, करपून तडे गेलेलं, आणि त्याचे काळे कण पुढे जाऊन एनआरव्हीच्या सीटवर बसलेले. जाळी दाब झेलते. तापलेल्या हवेशी गाठ असते ती आतल्या अस्तराची, हा धडा तिथला. तेव्हापासून प्रत्येक भेंडोळ्याचा एक तुकडा कापून बघतो. नुसता रंग पाहून भागत नाही, कार्बन घातलेलं टेफ्लॉनही काळंच असतं. आम्ही तुकडा २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवतो. साधं रबर असेल तर वासच सांगतो. विकलेले सगळे किट बदलून दिले. त्या वर्षी हातात काही उरलं नाही.

पुढची फजिती माझी एकट्याची. होज बदलल्या, आता तापमान मोजून दाखवू म्हणून इन्फ्रारेड गन आणली. हेडच्या पितळी फिटिंगवर रोखली, तर आकडा ५८. एवढंच? म्हणून बोट लावलं आणि पुढचे आठ दिवस त्या बोटावर फोड घेऊन हिंडलो. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो, त्यामुळे गन त्याच्याकडे बघून थापा मारते. मेहुण्याने फिटिंगवर उष्णता सोसणारा मॅट काळा रंग मारला, पुन्हा गन रोखली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यानंतर आम्ही के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारेची जोडी, वापरतो, हवेच्या वाटेत तीन तोंडांचं टी फिटिंग बसवून.

त्या थर्मोकपलने आमच्या किटचीच लाज काढली. १०० पीएसआयच्या दाबाविरुद्ध दहा मिनिटं कॉम्प्रेसर चालवला, होजच्या तोंडाशी हवा १६० च्या आसपास आणि दीड फुटानंतर १२० च्या वर. म्हणजे आमची होज स्वतः जगत होती, पण पुढच्या ट्यूबला तसंच भट्टीत ढकलत होती. टेफ्लॉन उष्णता सोसतं, घालवत नाही. दोन्ही गोष्टी एकच समजून आम्ही माल विकत होतो.

उष्णता घालवायला धातू हवा, म्हणून तांब्याचं वेटोळं केलं. बाकावर छान चाललं. गाडीत तिसऱ्या महिन्यात फ्लेअरच्या (जोडासाठी पसरवलेल्या तोंडाच्या) मुळाशी चिरलं, कारण तांबं सततच्या थरथरीने कडक होत जातं आणि मग तडकतं. मधल्या काळात एका गिऱ्हाइकाने स्वतःच गिअरबॉक्सचा ऑइल कूलर जोडून आणला, वर विचारलं, हेच का नाही करत? त्याला समजावून तो काढायला लावला. तो कूलर तेलासाठी घडवलेला असतो, १२० पीएसआयची हवा तो झेलेलच याची खात्री नाही, आणि फुटला तर पत्र्याचे तुकडे उडतील.

शेवटी जमलं ते असं: हेडपासून टेफ्लॉन होज, मग दोन्ही टोकांना रबरी बुशवर आवळलेली, बाहेरून पातळ पात्यांची (फिनवाली) ॲल्युमिनियमची नळी, पुन्हा छोटी लवचीक होज, मग एनआरव्ही आणि टाकी. थरथर होजने खायची, उष्णता नळीने. वारा लागेल अशा जागी बसवली तर टाकीत शिरताना लाईन हातात धरता येते. नळीचा उतार टाकीकडेच हवा, मध्ये झोळ पडला की पाणी साचतं.

पाण्यावरून आठवलं. कूलर बसवल्यावर पहिली तक्रार आली ती ही: ‘साहेब, तुमचा माल लावल्यापासून टाकीतून पाणी यायला लागलं.’ गार हवा वाफ धरून ठेवत नाही, ती टाकीतच पाणी सोडते. आधी हेच पाणी वाफेच्या रूपात पुढे जाऊन टायरमध्ये, नाहीतर डिफरन्शियल लॉकरच्या (घसरताना दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या यंत्रणेच्या) विजेच्या व्हॉल्व्हमध्ये उतरत होतं, फक्त कुणाला दिसत नव्हतं. हे फोनवर पटवता पटवता घसा सुकला. आता टाकीच्या बुडाला ड्रेन कॉक आम्हीच बसवून देतो.

जाळीच्या होजचा एक दुर्गुण कुणी सांगत नाही. ती करवत आहे. वायरच्या जुडग्याला टेकली की थरथरत थरथरत इन्सुलेशन कापून काढते. आमच्याकडे आलेल्या एका गाडीत ती बॅटरीच्या जाड वायरला तांब्यापर्यंत भिडली होती. मेहुण्याचं लक्ष गेलं म्हणून बरं. तेव्हापासून होजवर काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवूनच माल बाहेर जातो.

आज आम्ही पाच जण आहोत. किट विकण्याआधी गिऱ्हाइकाला आम्ही जे प्रश्न विचारतो, त्यातले निम्मे होजबद्दल नसतातच. कॉम्प्रेसर कुठे बसवणार? बॉनेटखाली असेल तर हवा आत घेणारा फिल्टर नळी लावून बाहेर काढा. ३० ऐवजी ६० अंशांची हवा ओढली तर १०० पीएसआयला बाहेर पडणारी हवा हिशेबाने ५० अंशांहून जास्त तापते. सीटखाली बंद खोक्यात? तर आमचा माल घेऊ नका, थर्मल कट-ऑफ (जास्त तापल्यावर कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडेल आणि शिव्या आम्हाला बसतील. लॉकर किंवा हवेची अवजारं नाहीत, फक्त टायरच भरायचे? मग टाकीचा हट्ट कशाला? टायर थेट भरला तर कॉम्प्रेसरला ३५ पीएसआयच्या वर ढकलावंच लागत नाही, आणि तिथे कागदावरचा आकडा २७० वरून १५५ वर येतो. हे सांगून आम्ही बऱ्याच टाक्यांची विक्री गमावली आहे. ड्यूटी सायकलचंही, म्हणजे कॉम्प्रेसर एकूण वेळेपैकी किती वेळ चालवायचा त्याचंही, तसंच. खोक्यावरचा टक्का ठरावीक दाबाला आणि ठरावीक हवामानाला असतो. चढून उंचावर गेलात की हवा विरळ, तोच गेजचा आकडा गाठायला जास्त दाबावं लागतं आणि अंग गार करायलाही हवा कमी.

मागच्या महिन्यात तो पहिला मित्र आला होता, तिसऱ्या टायरवाला. नवी गाडी, नवा किट. खिळ्यावरची निळी ट्यूब काढून त्याने उलटसुलट पाहिली आणि नेऊ का म्हणाला. दिली नाही. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी ती त्याच्या हातात द्यावी लागते.