उन्हाळी फुलपाखरं: भिंत झाली, खिडकी सुरू, झुंबर अर्ध्यावर

खोली सजवायला करते आहे त्या कागदी फुलपाखरांचा भिंतीवरचा थवा एकदाचा पूर्ण झाला. खिडकीचं काम रंगात आलंय, झुंबराच्या, म्हणजे काड्यांना दोऱ्यांनी फुलपाखरं टांगून केलेल्या झुलत्या सजावटीच्या, खालच्या काड्या बांधून झाल्यात. भरतकामाचे अभ्रे अजून रिंगणातच आहेत, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी.

आधी भिंत, कारण सगळ्यात जास्त विचार तिथेच गेला. तयार स्टिकरवरची बहुतेक फुलपाखरं एकाच ठेवणीची असतात: चारही पंख सपाट पसरलेले आणि पुढच्या पंखांची खालची कड शरीराशी काटकोनात. ही ठेवण संग्रहालयातल्या, टाचणीने टोचलेल्या नमुन्यांची. मागच्या पंखांवरची नक्षी पूर्ण दिसावी म्हणून नमुने तसे मांडतात. जिवंत फुलपाखरू विसावतं तेव्हा बहुधा पंख पाठीवर मिटून घेतं, किंवा ऊन खाताना अर्धवट उघडे ठेवतं. पुढचा पंख मागच्यावर थोडा चढलेला असतो. भिंत जिवंत वाटायला हवी असेल तर आधी ही ठेवण बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या थव्यात काही पूर्ण मिटलेली आहेत, पुष्कळशी अर्धवट उघडलेली आणि अगदी मोजकी पसरलेली.

कागद १६० ते १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) वापरला. त्याहून पातळ कागदाचे पंख दमट हवेत मान टाकतात, फार जाड असला तर घडीवर तडे जातात. घडी नेहमी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घालायची. ती दिशा ओळखायला कागद आडवा आणि उभा हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो निमूट वाकतो, घडी त्या बाजूने. शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ ओढून घेतली की घडी सरळ येते.

या थव्यातलं माझं सर्वांत लाडकं म्हणजे निळं मॉर्फो. त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. पंखांच्या खवल्यांवर अतिसूक्ष्म कंगोरे असतात, त्यांच्यावरून प्रकाश परततो तो निळा होऊन. म्हणून पोस्टर कलरचा सपाट निळा इथे मेल्यासारखा दिसतो. कोन बदलला की छटा बदलणारा मोतिया चमकीचा कागद घेतला आणि मागच्या बाजूला तपकिरी कागद चिकटवून त्यावर डोळ्यांसारखे ठिपके काढले, कारण खऱ्या मॉर्फोची खालची बाजू तशीच असते. आता समोर उभं राहिलं की निळं, बाजूने चालत गेलं की तपकिरी. खोलीत ये-जा करताना रंग उमटतो आणि मावळतो, ते बघून मन भरत नाही!

खिडकीसाठी मोनार्क जातीचं फुलपाखरू निवडलं. काळ्या शिरा, नारिंगी कप्पे, काळ्या कडेवर पांढरे ठिपके. रंगीत काचकामासाठीच जन्मल्यासारखी नक्षी. पंखाच्या मुळाशी एक मोठा बंद कप्पा असतो आणि त्याच्या कडेपासून शिरा बाहेरच्या काठाकडे पसरतात. एवढं सांभाळलं तर बाकी नक्षी सोपी करूनही ओळख हरवत नाही. काळ्या कार्डशीटवर कटर चालवताना छोटे कप्पे आधी आणि मोठे शेवटी कापायचे, म्हणजे कागद शेवटपर्यंत ताठ राहतो.

कप्प्यांमागे रंगीत टिश्यू पेपर सुरेख दिसतो, पण कडक उन्हात त्याचा रंग लवकर उडतो. त्यामुळे ट्रेसिंग पेपरवर पिगमेंटच्या शाईने रंगवते आहे आणि चिकटवायला गोंदाची कांडी वापरते आहे, कारण पातळ गोंदाने ट्रेसिंग पेपरला सुरकुत्या पडतात. तापलेल्या काचेवर टेप मऊ होऊन सरकते, म्हणून ही फुलपाखरं काचेला न चिकटवता पडद्याच्या दांडीला दोऱ्याने टांगली आहेत. जाड पडदे काढून पातळ सुती लावलेत. दुपार कलली की जमिनीवर नारिंगी कवडसे पडतात.

झुंबर नेहमी खालून वर बांधायचं. ३० सेंटीमीटरच्या काडीला एका टोकाला एकसारख्या वजनाची दोन आणि दुसऱ्या टोकाला एक फुलपाखरू असेल, तर तोल जड टोकापासून १० सेंटीमीटरवर येतो. हे झालं काडीचं वजन सोडून; ते धरलं की तो बिंदू थोडा मध्याकडे सरकतो. म्हणून दोऱ्याचा फास आधी सैल ठेवते, काडी आडवी स्थिरावली की त्यावर गोंदाचा एकच थेंब. प्रत्येक दोऱ्याला मासेमारीच्या गळाची छोटी फिरकी लावली आहे, त्यामुळे पीळ साठत नाही. छताच्या पंख्यापासून ते लांबच हवं. खिडकीतून येणारी झुळूक पुरते.

सगळ्यात वरची काडी राहिली आहे. बांबूची कामटी हलकी आहे, पण लांबी वाढली की वाकते. पितळी तारेला सुंदर बाक देता येतो, मात्र तिच्या वजनाने खालचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. कोणी तारेवर काम केलं असेल तर किती जाडीची घेतलीत ते सांगा, त्यावरून पुढचं ठरवते.