सुतारकाका आणि क्लोझ

पावसाने फुगलेलं बाल्कनीचं दार दुरुस्त करायला आज सुतारकाका आले होते. ते रंधा मारत होते आणि मी भुशाशेजारी बसून मोबाईलवर २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल बघत होतो. (कितव्यांदा, ते विचारू नका.)

"हा कोण?" काकांनी विचारलं.

म्हटलं, "तुमच्याच धंद्यातला."

मिरोस्लाव क्लोझ. जन्म पोलंडमधल्या ओपोलचा, लहानपणी जर्मनीत आला, सुतारकाम शिकला. विशीपर्यंत तिथल्या एका छोट्या क्लबाकडून खेळायचा. पुढे चार वर्ल्डकपमध्ये १६ गोल! २००२ चे पाचही डोक्याने. रोनाल्डोचा (ब्राझीलचा हो!) १५ गोलांचा विक्रम मोडला तो ब्राझीलच्याच मैदानावर, ब्राझीलविरुद्धच.

मला मात्र २०१२ चा क्लोझ जास्त आवडतो. लात्सिओ या इटालियन क्लबाकडून नापोलीविरुद्ध त्याचा गोल दिला गेला, पण चेंडू हाताला लागला होता. पठ्ठ्याने स्वतःच रेफरीला सांगितलं. गोल रद्द. लात्सिओ ०-३ ने हरली.

काका नुसतं "हं" म्हणाले. मग दार बसवलं, दोनदा उघडझाप केली. मला तर झकास वाटलं.

"खाली अजून घासतंय," म्हणाले, आणि परत उतरवलं.