एका जुन्या नावापायी अडकलेले अनुदान : माझा अनुभव

आमच्या संस्थेच्या गर्भवतींसाठीच्या रक्तक्षय तपासणी कार्यक्रमाला एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी म्हणून राखलेल्या) निधीतून अनुदान मिळाले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. तरी त्यासाठी लागलेल्या अकरा महिन्यांपैकी आठ महिने ज्या एका कागदाने खाल्ले, त्याचा मनस्ताप अजून गेलेला नाही. कार्यक्रम चांगला असेल तर पैसे देणारा कोणीतरी भेटतोच, अशी आमची समजूत होती आणि ती खरीही ठरली. कंपनी सापडली होती, काम तिला पटले होते, रक्कमही ठरली होती. अडले ते धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी असलेल्या आमच्या विश्वस्तांच्या यादीवर.

निधी शोधण्याचा भाग थोडक्यात सांगते. परदेशी देणग्यांचा मार्ग आम्ही सुरुवातीलाच सोडून दिला, कारण त्यासाठी एफसीआरएची (परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालची) स्वतंत्र नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेट वर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्याच कलमात कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, आणि संस्थांनी हे वाक्य नीट वाचायला हवे. आम्ही मोठमोठ्या नावांमागे न लागता आमच्या जिल्ह्यात कारखाना असलेल्या नऊ कंपन्यांचे वार्षिक अहवाल काढले आणि त्यांतील सीएसआरचे तक्ते ओळीने वाचले. कोणी कुठे, कशावर आणि कोणत्या संस्थेमार्फत खर्च केला, हे तिथे छापलेले असते. आरोग्यावर आधीपासून खर्च करणाऱ्या चार कंपन्यांना पत्रे लिहिली, दोघींचे उत्तर आले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एकीचे अधिकारी आमच्या गावांत येऊन गेले.

त्यांचा पहिलाच प्रश्न योग्य होता : लोहाच्या गोळ्या उपकेंद्रातून मोफत मिळतात, मग तुमची गरज काय? गरोदरपणात १८० दिवस रोज एक गोळी, असा सरकारी कार्यक्रम आहेच. मात्र गोळ्यांची पाने घरात पोचणे आणि त्या पोटात जाणे यांत फार अंतर असते. मी त्यांना एका घरातील पत्र्याचा डबा दाखवला, ज्यात न फोडलेली पाने रबराने बांधून ठेवलेली होती. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली गेले की तो तीव्र मानतात. त्या घरातील सुनेचे ७.८ होते. आमची कार्यकर्ती दर महिन्याला घरी जाऊन पाने मोजते, मळमळ होते म्हणून गोळी सोडली असेल तर ती कधी आणि कशी घ्यावी हे समजावते आणि पुन्हा तपासणी करते. म्हणूनच आमच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम कार्यकर्त्यांच्या मानधनाची होती.

इथे थोडे वादाचे प्रसंग आले. यंत्रे द्या, गाडी द्या, पण पगार नकोत, असा कंपन्यांचा कल असतो आणि त्यासाठी ५ टक्क्यांच्या नियमाकडे बोट दाखवले जाते. वास्तविक ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामकाजाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च तिच्यात धरला जात नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रश्नोत्तरांच्या रूपाने केलेला खुलासा आम्ही छापून समोर ठेवला आणि मानधनाची ओळ शाबूत राहिली. आरोग्याचे काम माणसे करतात, म्हणून ही ओळ कोणत्याही संस्थेने सहजासहजी सोडू नये.

सप्टेंबरअखेर तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि कागदपत्रांची मागणी आली. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रे नवीन पद्धतीची होती. (जुन्या संस्थांनाही २०२१ पासून ही नोंदणी नव्याने करून घ्यावी लागली आहे, जुनी प्रमाणपत्रे जोडून चालत नाही.) सीएसआर-१ फॉर्मचा (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचा) क्रमांक आमच्याकडे होता, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा होता, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल होते. मग कंपनीच्या वतीने पडताळणी करणाऱ्या माणसाने परिशिष्ट १ चा उतारा मागितला आणि तिथे सगळे थांबले.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या प्रत्येक न्यासाची मूळ नोंद या परिशिष्टात असते आणि विश्वस्तांची नावेही त्यातच असतात. आमच्या उताऱ्यावर सात नावे होती. त्यांतले एक गृहस्थ २०१९ मध्ये वारले होते आणि दुसऱ्यांनी त्याच वर्षी प्रकृतीमुळे राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी दोघांची निवड झाली, ठराव इतिवृत्तात लिहिला गेला, बँकेतील सह्या बदलल्या. मात्र कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज कोणीच दिला नाही. प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने दिला असेल. त्यामुळे बँकेत सही करणारे आमचे खजिनदार सरकारी नोंदीप्रमाणे विश्वस्तच नव्हते, आणि विश्वस्त म्हणून एका दिवंगत माणसाचे नाव उभे होते. ज्या संस्थेचा खजिनदार नोंदीत नाही तिच्या खात्यावर पैसे पाठवायला कंपनीने नकार दिला, यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही वकिलांमार्फत बदल अर्ज आणि त्यासोबत विलंबमाफीचा अर्ज दाखल केला. दोन महिन्यांत काम होईल असे धरून चालले होते. पहिल्या तारखेला कळले की मृत्यूचा दाखला आणि ठराव एवढ्यावर भागत नाही. ज्या सभेत निवड झाली त्या सभेची नोटीस संस्थेच्या घटनेप्रमाणे दिली होती, हे सिद्ध करावे लागते. आमच्या घटनेत पंधरा दिवस आधी लेखी नोटीस असे स्पष्ट लिहिले आहे. आम्ही फोन केले होते. सगळे आले होते, सगळ्यांच्या सह्या इतिवृत्ताच्या वहीत होत्या, तरी नोटिशीचा एकही कागद नव्हता. ती वही मी कितीदा उघडली असेन. पान ४३, निळ्या शाईतील पाच सह्या, आणि वर जिथे नोटिशीची तारीख लिहायची तिथे मोकळी रेघ.

यावर उपाय म्हणून हजर असलेल्या प्रत्येक विश्वस्ताचे प्रतिज्ञापत्र मागितले गेले, नव्यांची संमतीपत्रे मागितली गेली, आणि राजीनामा दिलेल्या काकांची हरकत नसल्याचे लेखी हवे होते. काका मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले होते. त्यांनी एका शब्दावर प्रतिज्ञापत्र करून कुरिअरने पाठवले, पण त्यातील त्यांचे नाव आधार कार्डाप्रमाणे होते आणि परिशिष्टात वडिलांचे नाव वेगळ्या अक्षरांत होते. पुढची तारीख पाच आठवड्यांनी पडली. त्या तारखेला अधिकारी रजेवर होते. त्यानंतरच्या तारखेला आमची फाइल बोर्डावरच (त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीतच) नव्हती. ती दुसऱ्या टेबलावर असल्याचे तीन खोल्या फिरल्यावर समजले. बाकावर बसून वाट पाहताना मला त्या ७.८ च्या सुनेची आठवण यायची, कारण तिची प्रसूती फेब्रुवारीत होती आणि कार्यक्रम अजून फाइलीत होता. (तिला आम्ही स्वतः वर्गणी काढून ग्रामीण रुग्णालयात नेत राहिलो, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.)

दरम्यान ३१ मार्च उलटला. कंपन्यांचे सीएसआर अंदाजपत्रक आर्थिक वर्षाला बांधलेले असते, त्यामुळे आमच्यासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या प्रकल्पाकडे गेली. ही बातमी फोनवर ऐकली तेव्हा मी खरोखर खचले. मात्र कंपनीच्या अधिकारीबाईंनी आम्हाला नव्या वर्षाच्या कृती आराखड्यात घेतले, आणि यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. म्हणून सांगते, कंपन्यांशी बोलणी जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करावीत, म्हणजे पुढील वर्षाचा आराखडा कंपनीच्या संचालक मंडळापुढे जाण्याआधी तुमचे नाव त्यात येते. वर्ष अर्धे सरल्यावर गेलेल्या संस्थेच्या वाट्याला उरलेली रक्कम आणि घाई एवढेच येते.

मे २०२३ मध्ये आदेश झाला. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन तिथेच थांबू नये, परिशिष्टात प्रत्यक्ष नोंद झाल्यावर नवा उतारा मागून घ्यावा. पडताळणी करणारे आदेशावर समाधान मानत नाहीत आणि आमचे आणखी काही दिवस त्यातच गेले. आणखी एक आठवले : अर्जातील नावे लिहिताना पॅन, आधार, परिशिष्ट आणि बँक या चारही ठिकाणची अक्षरे आधी शेजारी मांडून पाहावीत. हे मी काकांच्या प्रतिज्ञापत्रानंतर शिकले. तसेच जी संस्था अजून सीएसआर-१ भरायच्या तयारीत आहे, तिने सनदी लेखापालाकडे जाण्याआधी परिशिष्ट १ चा ताजा उतारा काढावा, कारण त्या फॉर्मवरही विश्वस्तांची माहिती द्यावी लागते आणि चुकीच्या यादीवर मिळालेला क्रमांक पुढे अडचणीचाच ठरतो.

जुलैमध्ये पहिला हप्ता जमा झाला आणि त्याच आठवड्यात तीन कार्यकर्त्या रुजू झाल्या. पुढच्या वर्षी आमच्या एका विश्वस्तांची मुदत संपून नव्या बाई आल्या. सभेची नोटीस पंधरा दिवस आधी लेखी गेली, प्रत्येकाची पोच वहीत चिकटवली, आणि ठरावाच्या नवव्या दिवशी मी स्वतः जाऊन बदल अर्ज दाखल केला. त्याची शिक्का मारलेली पोचपावती फाइलच्या पहिल्याच पानावर लावून ठेवली आहे.