पोदेराकडची मुलगी

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज जिम्नॅस्टिक्सच्या सरावात बीमवरून, त्या अरुंद फळीवरून, तीनदा पडले. तिन्ही वेळा बॅक वॉकओव्हरवर, मागे वाकून हात टेकत उलटं जायचं त्यावर, म्हणजे नवव्या वर्षी जे मी गप्पा मारत करायचे त्यावर. सर काही बोलले नाहीत, घड्याळाकडे बघत राहिले. पडल्यावर परत चढायला १० सेकंद मिळतात. तेवढ्यात हाताला चॉकची पांढरी पूड लावायची, लिओटार्ड सारखा करायचा आणि आत्ता काय झालं ते विसरायचं. पहिल्या दोन गोष्टी मला छान जमतात.

बीम आहे तोच आहे. ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर उंच. वाढले ती मी. बारावीच्या वर्षी उंची सुटली, वजनही आलं, आणि मागे वळताना हात हवे तिथे न टेकता दोन बोटं बाजूला जातात. १० सेंटिमीटरांत दोन बोटं! त्यात हा पाऊस. डब्यातला चॉक हाताला लागेपर्यंत त्याची खीर होते. शेवटी बार्सवर उजव्या तळव्याची साल निघालीच.

येताना बसमध्ये म्हापशाचा अख्खा शुक्रवारचा बाजार चढला होता. शेजारच्या मावशींच्या मांडीवर सात शिरांच्या भेंड्यांची पिशवी. माझ्या पांढऱ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "पोदेराकडे कामाला असतेस का गो?" पोदेर म्हणजे आमच्या गोव्यातला पाववाला; चॉक त्यांना पीठ वाटलं. मी हो म्हणून टाकलं. जिम्नॅस्टिक्स म्हटलं असतं तर पर्वरीपर्यंत समजावत बसावं लागलं असतं. कॉलेजात तरी काय वेगळं आहे? तिथे मी गॅदरिंगच्या पिरॅमिडवर सगळ्यात वर उभी राहणारी मुलगी. हजेरीचा प्रश्न आला की तीही नाही.

१४ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवते. मी अकरा वर्षांची. रिओ ऑलिम्पिकमधली व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीची, फायनल बघायला बाबांनी जागू दिलं होतं. दीपा कर्माकर प्रोडुनोव्हा, ती हवेत दोन कोलांट्यांची अवघड उडी, करून उतरली, जवळजवळ बसलीच, तरी दोन उड्यांची सरासरी १५.०६६. ब्राँझ ०.१५० ने हुकलं. सकाळी शाळेत झेंडावंदनाला मी रडून सुजलेले डोळे घेऊन उभी, आणि बाईंना वाटलं देशभक्ती! २०२३ ला राष्ट्रीय स्पर्धा आपल्याकडे गोव्यात झाल्या तेव्हा म्हापशाच्या पेडें क्रीडासंकुलात प्रणती नायकला व्हॉल्टकडे धावताना जवळून पाहिलं. वय २८. दीपाने आशियाई सुवर्ण घेतलं ते तिशीत, ताश्कंदला, २०२४ मध्ये.

हे सगळं आज सरांना ऐकवायचं होतं. कारण मॅट उचलताना ते सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी जजची परीक्षा दे. तुझी नजर चांगली आहे." नजर! मी सामान भरलं आणि निघाले. राग आला तो ते चुकीचं बोलले म्हणून नव्हे. चौथ्या वेळी बीमवर चढताना मी स्वतःच मनात जजसारखी गुणांची वजावट मोजत होते: पडले, १.० गेला, गुडघा वाकला, ०.१.

आजीने तळव्याला खोबरेल लावून दिलं. "पुरो आता, बाय," म्हणाली. तिचं हे दर पावसाळ्यात असतं.

उद्या कॉस्टिंगची इंटर्नल आहे. पेन नेमकं त्या सोललेल्या जागीच टेकतंय.